रांधलेलं पाणी

होडी चिखलात बसली होती. नदी तिच्यापासून पन्नास-साठ पावलं मागे सरकली होती आणि अजून सरकतच होती. हाराधन नावाडी होडीच्या टोकावर पाय सोडून बसला होता. ओठात विडी होती, पण ती पेटवायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. धक्क्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर कनकलता गायेन तीन वर्षांच्या बुल्टीला मांडीवर घेऊन बसली होती आणि वाटीतलं पाणी चमच्याने तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सोडत होती. एक चमचा, मग मनात साठ आकडे, मग दुसरा चमचा.

"कधी?" तिने चौथ्यांदा विचारलं.

"कनकदी, नदी काय माझ्या बापाची आहे?" हाराधन म्हणाला, पण आवाजात चीड नव्हती. "ओहोटी आत्ता कुठे तळाला टेकतेय. पाणी फिरायला अजून अर्धा तास, होडी उचलायला वर दीड. तू हाक मार नाहीतर मी मारतो, ती काही ऐकायची नाही."

बुल्टीला पहाटेपासून दहा-बारा जुलाब झाले होते, तांदळाच्या धुवणासारखे पांढरट. उलट्या वेगळ्याच. डोळे आत गेले होते आणि रडताना त्यांतून पाणी येईनासं झालं होतं. कनकलताने तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. प्रशिक्षणात तिने हे चित्रात पाहिलं होतं, पुढे कितीतरी आयांना करून दाखवलं होतं. मांडीवरच्या पोरीच्या पोटावर ते बघायची वेळ येते तेव्हा आपण काय काय शिकलो त्याचा काही उपयोग होत नाही, नुसती भीती वाटते. तिला भीती वाटत होती.

पाण्यावरून चालणारी सरकारी रुग्णवाहिका तिने फोनवरून मागवली होती. ती दुसऱ्या कुठल्याशा बेटावर बाळंतीण आणायला गेली होती. आली असती तरी चिखलाच्या पलीकडेच थांबली असती. त्यांच्या चांदपोता बेटाच्या धक्क्याखालचा चिखल माणसाला कमरेपर्यंत आत घेतो आणि सोडत नाही, पोर हातात घेऊन त्यात कोण उतरणार? रुग्णालय समोरच्या बेटावर होतं. निरभ्र दिवशी त्याची पाण्याची टाकी इथून दिसे. आज पावसामुळे तीही दिसत नव्हती.

पुतुल, बुल्टीची आई, शेजारी लेकीचा पाय हातात धरून बसली होती. तिचा नवरा केरळात गवंड्याच्या हाताखाली कामाला होता. त्याचा फोन दोनदा येऊन गेला होता, तिने उचलला नव्हता. काय सांगणार, होडी चिखलात आहे म्हणून?

ही बुल्टी जन्मली तीही कनकलतामुळेच. घरीच बाळंत व्हायचं म्हणून अडून बसलेल्या पुतुलला तिने तीन वर्षांपूर्वी भांडून, ओढून याच हाराधनच्या होडीत घातलं होतं. त्या दिवशी भरती होती.

कनकलता सेहेचाळीस वर्षांची. बेटाच्या पूर्वपाड्यावर ती अकरा वर्षं आशा कार्यकर्तीचं काम करत होती. अंगाने बारीक, चालताना पुढे झुकणारी, खांद्याला कायम पिशवी. पावसाळा लागला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होई: पाणी उकळा, हात धुवा, अन्न झाकून ठेवा, पोरांना डबक्यात सोडू नका, ताप आला तर वाट बघू नका. पोरं तिला साबणदिदी म्हणत आणि ती दिसली की दोन्ही हात वर करून दाखवत, मग ते चिखलाने बरबटलेले का असेनात. तिचा नवरा सांगे की ही झोपेतही विचारते, संडासला पातळ झाली का घट्ट.

लोक तिचं ऐकून घेत. ऐकणं आणि करणं यांत मात्र अर्ध्या मैलाचं अंतर होतं, कारण गोड पाण्याचा हापसा तेवढा लांब होता. मागच्या वादळात बांध फुटून समुद्राचं पाणी आत आलं तेव्हा जवळचे दोन्ही हापसे बिघडले ते कायमचे. राहिली घरामागची तळी. त्यांतच भांडी, त्यांतच अंघोळी, त्यांतच बदकं, आणि पावसाळ्यात संडासाच्या खड्ड्यांवरून वाहून येईल ते सगळं. प्यायला हापशाचंच आणायचं असं ठरलं होतं खरं. पण धो धो पावसात, घसरत्या बांधावरून, डोक्यावर कळशी घेऊन रोज कोण जातं? क्लोरीनच्या गोळ्या वरून यायच्या होत्या. त्या आषाढापासून यायच्याच होत्या.

त्यात भाद्र महिन्याच्या शेवटची संक्रांत म्हणजे अरंधन, न रांधण्याचा सण. आदल्या रात्री बायका रात्रभर रांधतात: भात, डाळ, अळू, पाच तऱ्हेची तळणं, इलिश मासा, चालत्याच्या फळाची आंबटगोड चटणी. दुसऱ्या दिवशी चूल पेटत नाही. त्या दिवशी चूल ही सापांच्या आईची, मनसाआईची जागा असते. तिला सारवून, रांगोळी घालून पुजतात आणि सगळं गाव पाण्यात भिजवलेला गार भात खातं. कनकलतालाही तो दिवस आवडे, ती याच मातीतली होती. पण चूल नाही म्हणजे उकळलेलं पाणीही नाही. तिच्या वहीत अरंधनानंतरचे चार दिवस दर वर्षी भरलेले असत. जुलाब, वय दोन. जुलाब, वय चार. जुलाब आणि उलटी, वय दीड.

यंदा तिला एक युक्ती सुचली आणि ती स्वतःवरच खूष झाली. ती थेट नीरदा काकींकडे गेली. नीरदा ही पुतुलची सासू, सत्तरीकडे झुकलेली विधवा, आणि पूर्वपाड्यात रीतिरिवाजाच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचाच. कोणत्या सणाला किती तळणं, कुठलं फूल चालतं, कुठलं चालत नाही, हे विचारायला बायका तिच्याकडे येत आणि बोलणी खाऊन जात.

"काकी, तशीही रात्रभर चूल पेटलेली असते," कनकलता म्हणाली. "सगळं झाल्यावर शेवटी एक हंडा पाणी चढवा. चांगलं खळखळू दे. दुसऱ्या दिवशी पोरांनी तेच प्यायचं. पाणीही रांधून ठेवायचं, एवढंच."

"पाणी रांधायचं?" नीरदाचं पान चघळणं थांबलं. "माझ्या सासूने नाही रांधलं कधी."

"तुमच्या सासूच्या वेळी बांध फुटला नव्हता."

नीरदाने अंगणातल्या पावसात पिंक टाकली. मग म्हणाली, "चुलीवर चढलं ते रांधलेलं. आणि रांधलेलं ते आईचं. मी कशाला नाही म्हणू?"

चार दिवसांत अख्ख्या पाड्याला कळलं. अकरा वर्षं कनकलताच्या तोंडून जे कुणी मनावर घेतलं नव्हतं ते नीरदा काकींच्या एका शब्दाने झालं. बायकांनी ते काम आपलंसं केलं. कुणाचा हंडा मोठा यावरून दोन जावांची बोलाचालीही झाली. उपकेंद्रातल्या बैठकीत कनकलताने हे सांगितलं तेव्हा नर्सबाईंनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, आणि ती घरी येताना बांधावर एकटीच हसत होती.

अरंधनाच्या दिवशी ती एकतीसच्या एकतीस घरं फिरली. प्रत्येक स्वयंपाकघरात सारवलेल्या चुलीशेजारी पाण्याचा हंडा होता, आणि प्रत्येक हंड्यात शापलाची, म्हणजे पाणकमळाची, दोन-तीन फुलं, लांब देठांसकट, पांढरी, उमललेली. पोरांनी सकाळीच कमरेएवढ्या पाण्यात उतरून तळ्यातून तोडून आणली होती. भातावर फूल, डाळीवर फूल, मग आईपुढे ठेवलेलं पाणी बिनफुलाचं कसं ठेवायचं, असं नीरदा काकींनी सांगितलं म्हणे. कनकलताला ते फार सुंदर वाटलं. तिच्या पाण्याला गावाने मान दिला होता. एका हंड्याचा तिने फोनवर फोटोही काढून घेतला.

नीरदाच्या घरी बुल्टीने आपला छोटा स्टीलचा पेला हंड्यात बुचकळून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "साबणदिदी, रांधलेलं पाणी." कनकलता सगळा पेला प्यायली आणि तिने पोरीचा गालगुच्चा घेतला. पोरीने दुसरा पेला भरून घेतला आणि तो स्वतः प्यायली.

ही परवाची गोष्ट. आज उजाडता उजाडता पुतुल ओल्या साडीने तिच्या दारात उभी राहिली होती. जाता जाता वाटेतच कळलं की आणखी चार घरांत पोरांना जुलाब सुरू आहेत. कनकलताने जे करायचं ते सगळं बरोबर केलं. एक पुडी ओआरएस, एक लिटर पाणी. पाणी तिने त्याच हंड्यातून घेतलं, कारण त्या घरात त्याहून चांगलं पाणी दुसरं नव्हतं. ते तिने स्वतः उकळायला लावलेलं पाणी होतं.

धक्क्यावर पाऊस थोडा उघडला. मागून चिखलात काठी रुतल्याचा आवाज आला. नीरदा काकी येत होती. गुडघा सुजलेला, पदर डोक्यावर, कुशीत प्लास्टिकची बाटली.

"होडीत पाणी लागेल," ती धापा टाकत म्हणाली. "हंड्याच्या तळाशी राहिलं होतं ते सगळं घेऊन आले. रांधलेलं आहे."

कनकलताने बाटली घेतली. पहिल्या पुडीचं पाणी संपत आलं होतं, दुसरी पुडी तिच्या हातात होती. किती पाणी आहे ते बघायला तिने बाटली उजेडासमोर धरली. तळाशी एक पाकळी पडली होती, कडेने तपकिरी झालेली. तिच्याभोवती शापलाच्या देठाचे बुळबुळीत तंतू पाण्यात हलत होते, आणि तंतूंना तळ्याचं हिरवं शेवाळ चिकटलेलं होतं.

एकतीस घरं तिच्या डोळ्यांपुढून गेली, एकतीस हंडे, आणि फोनमधला तो फोटो. पाणी उकळलं होतं. चांगलं उकळलं होतं. आणि मग त्यात तळं घातलं होतं, आदराने, फुलांसकट. ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं आणि तिला आनंद झाला होता. सकाळपासून चमच्या-चमच्याने ती पोरीला तेच पाणी पाजत होती.

तिने वाटी पायरीवर उपडी केली.

"हाराधन, तुझ्या कॅनमध्ये कुठलं पाणी आहे?"

"रुग्णालयाच्या नळाचं. काल संध्याकाळी भरलंय."

"दे इकडे."

त्याने फळीवरून कॅन सरकवला. नीरदा काठीवर दोन्ही हात टेकून उभी होती. "ते कशाला? हे रांधलेलं आहे की."

"हे असू दे, काकी," कनकलता तिच्याकडे न बघता म्हणाली. "पुडी विरघळायला नळाचं बरं पडतं." बाटलीचं झाकण घट्ट लावून तिने ती पिशवीत तळाशी ठेवली.

त्यानंतरचा दीड तास कुणी काही करू शकलं नाही. कनकलता चमचा पुढे करी, बुल्टीच्या ओठांत पाणी जाई आणि तसंच बाहेर ओघळे. पुतुल लेकीच्या कानाशी लागून तिला काहीबाही सांगत होती, बाबा लाल फ्रॉक घेऊन येणार आहे, बदकाला पिलं झालीत. हाराधन दर पाच मिनिटांनी होडीत उठून उभा राही आणि पाणी मोजायला चिखलात रोवलेल्या काठीकडे बघे. काठीपासून पाणी कुठे आहे हे सगळ्यांनाच दिसत होतं, तरी प्रत्येक वेळी तिघीजणी मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत. कनकलताने अकरा वर्षांत इतक्या लोकांना इतकं काही करायला सांगितलं होतं. आत्ता तिला कुणी काही करायला सांगितलं असतं तर तिने ते केलं असतं.

मग पाणी होडीखाली आलं. होडीचा तळ चिखलातून सुटल्याचा आवाज आला आणि हाराधनने इंजिनाची दोरी ओढली. नीरदा धक्क्यावरच राहिली. होडी वळली तेव्हाही ती तशीच, काठीवर दोन्ही हात टेकून उभी होती.

रुग्णालयातला डॉक्टर तरुण होता, शहरातून नुकता आलेला. त्याने आणि नर्सने हातात शीर शोधली, पायात शोधली, शेवटी कपाळाच्या वर शोधली. शिरा बसून गेल्या होत्या. पुतुलला त्यांनी बाहेर बसवलं होतं; कनकलता आत, भिंतीला पाठ लावून उभी होती. दुपारी साडेतीनला नर्सने दिवा बंद केला आणि डॉक्टर हात धुवायला गेला. तो फार वेळ हात धूत होता.

"इतक्या उशिरा का आणलीत?" त्याने विचारलं. रागावून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"नऊला धक्क्यावर होतो. नदी नव्हती."

"नदी नव्हती म्हणजे?"

तिने मानेने भिंतीकडे खूण केली. त्याच्या पाठीमागे भिंतीवर भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता लावलेला होता. त्याने वळून तो बघितला आणि मान खाली घातली. मग तिने पिशवीच्या तळातून बाटली काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

"हे काय, फूल आहे?"

"हो."

"तळ्यातलं?"

"हो. पाणी उकळलेलं होतं."

तो तिला म्हणाला की हे पाणी दिलं नसतं तरी पोर आधीच आजारी होती, वेळ गेला म्हणून ती गेली, चार थेंब पोटात राहिले ते ओआरएसमुळेच. तो चांगला मुलगा होता. त्याने बाटली तपासणीला पाठवली. दहा दिवसांनी कागद आला, त्यात जे लिहिलं होतं ते तिला धक्क्यावरच कळलं होतं.

बाकीची चारही पोरं वाचली. क्लोरीनच्या गोळ्यांचं खोकं बुल्टी गेल्यानंतर पाचव्या दिवशी आलं, तेही दोन वर्षं पुरेल एवढं.

गोळ्या वाटायला कनकलताने बायकांना शाळेच्या पडवीत बोलावलं. पंचवीसेक जणी आल्या. पुतुल आली नाही, नीरदा काकी आली आणि अगदी पुढे बसली. गोळी कशी टाकायची, किती वेळ थांबायचं हे सांगून झालं. मग नीरदाने विचारलं. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

"कनक, मी पाणी खळखळवलं होतं. भात शिजायला लागतो तेवढा वेळ ठेवलं होतं. मग असं कसं झालं?"

उत्तर कनकलताच्या जिभेवर होतं, चार शब्दांचं. ते सांगितलं असतं तर पुढच्या भाद्रात एकाही हंड्यात फूल पडलं नसतं. आणि ते सांगितलं असतं तर ही समोर बसलेली म्हातारी उरलेलं आयुष्य स्वतःच्या दोन हातांकडे बघत काढणार होती. पोरांना वाचवायचं हेच तर कनकलताचं काम होतं, त्यासाठीच ती पिशवी खांद्याला होती. तिने नीरदाच्या हातांकडे बघितलं, आणि तिच्याने ते बोलवलं नाही.

"माझंच चुकलं, काकी," ती म्हणाली. "हंडे मोठे होते. आणखी उकळायला सांगायला हवं होतं. मी कमी सांगितलं."

नीरदाने तिच्याकडे एकदा बघितलं. मग काठी टेकत उठली आणि निघून गेली.

त्यानंतर पाड्याने कनकलताला काही म्हटलं नाही, आणि तेच वाईट होतं. तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण हिच्या पाण्याने पोर गेली हे ती वळल्यावर तिच्या कानावर येई. पोरं आता हात वर करून दाखवत नसत. आयांनीच त्यांना आत ओढलेलं असे. पुतुल वाटेत भेटली तर तळ्याच्या कडेने निघून जाई. कनकलता रोज ठरवी, आज कुणा एकीला बाजूला घेऊन फुलांचं सांगू, साधंच सांगू, झाकण ठेवा म्हणून. रोज ती कुणाच्या तरी दारापर्यंत जाई, गोळ्या देई आणि परत येई. एकदा खोटं बोलून बसलेल्या माणसाला खरं सांगायला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. नवऱ्याने थट्टा करणं सोडून दिलं. तीही झोपेत बोलेनाशी झाली.

पुन्हा भाद्र आला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, कनकलता पिशवी घेऊन बाहेर पडली. यंदा बोलायचंच, दारोदार बोलायचं, लोक काय म्हणतील ते म्हणोत, असं तिने घोकून ठेवलं होतं. पहिलं घर हाराधनचं. त्याची बायको मासे साफ करत बसली होती. चुलीशेजारी पाण्याचा हंडा होता, वाफ निघत असलेला. हंड्यावर पितळी झाकण होतं. झाकणावर एक शापला ठेवलेला होता, लांब देठ वेटोळा करून.

घोकलेलं सगळं कनकलताच्या तोंडातच राहिलं. "फूल वर?" एवढंच तिने विचारलं.

"नीरदा काकी सांगून गेल्या की," हाराधनची बायको म्हणाली. "आठ दिवस झाले, घरोघर फिरताहेत. तुला ठाऊक नाही?"

"काय सांगितलं?"

बायकोने मासा खाली ठेवला आणि विळीकडे बघत सांगितलं. "म्हणाल्या, तळ्यातलं फूल मी हंड्यात घातलं आणि माझी नात गेली. तुम्ही आत घालू नका, आईला वरूनही दिसतं. आणि म्हणाल्या, कनकचा दोष नव्हता, ती माझ्यासाठी खोटं बोलली."

पुढच्या घरी झाकण होतं. त्याच्या पुढच्याही. कुठे पितळी ताट, कुठे ॲल्युमिनियमची परात, एका ठिकाणी तर तुटक्या कढईचा तळ, आणि सगळ्यांवर फूल. कनकलता कुठेच थांबली नाही. सुजलेल्या गुडघ्याने म्हातारी एवढी दारं कशी चढली असेल, आणि प्रत्येक दारात तेच वाक्य पुन्हा कसं बोलली असेल, हे तिला सोसवेना. एकतिसाव्या घरात ती शिरली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि ते तिने पुसलेही नाहीत.

नीरदा चुलीपुढे बसून भाजीसाठी शापलाचे देठ सोलत होती. पुतुल कोपऱ्यात नारळ खवत होती. हंडा उतरवून ठेवलेला होता. इथेही यंदा पाणी सगळ्यात आधी चढलं होतं.

"काकी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार?" नीरदाने देठाचा दोर ओढून काढला. "बाटली मीच भरली ना. भरताना पाकळी आत गेली. बोट घालून काढायला बघितली, निघेना. मग धक्क्यावर तू बाटली वर धरलीस, आणि हाराधनचं पाणी मागितलंस." ती थोडी थांबली. "शाळेत मी तुला विचारलं ते तू सांगशील म्हणून. सांगितलं नाहीस. मग माझंही तोंड उघडेना. वर्ष गेलं बघ त्याच्यात."

कनकलता चुलीपाशी खाली बसली. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि कुणाची तरी बदकं ओरडत परत येत होती.

पुतुलने हातातला नारळ बाजूला ठेवला. ती उठली, फळीवरून छोटा स्टीलचा पेला काढला, हात धुतले, साबणाने, मनगटापर्यंत. हंड्यावरचं फूल उचलून तिने सासूच्या हातात दिलं, झाकण काढलं आणि ओगराळ्याने पेल्यात पाणी ओतून कनकलतापुढे धरलं. वर्षभरात ती तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आत्ताही बोलली नाही. पाणी अजून कोमट होतं. कनकलता ते सगळं प्यायली.

पुतुलने पेला परत घेतला. तिने हंड्यावर झाकण नीट बसवलं, सासूच्या हातातून फूल घेऊन त्यावर ठेवलं आणि पुन्हा नारळ खवायला बसली.